दगड झालेलं वऱ्हाड

लेणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेरूळ-अजिंठा उभं राहतं. शाळेची सहल जाते ती तिथेच. गाडीतून उतरायचं, रांग धरायची, सर घड्याळाकडे बघत ‘चला, पुढे चला’ म्हणतात, मागचे ढकलतात आणि दोन तासांत बारा-पंधरा लेणी उरकून आपण परत गाडीत! संध्याकाळी कुणी विचारलं, काय पाहिलंस, तर आठवतात फक्त माकडं आणि भेळेची गाडी.

वेरूळचं कैलास लेणं पाहायलाच हवं, यात शंका नाही. पण दोस्तांनो, आपल्या मराठवाड्यात अशीही लेणी आहेत, की जिथे सहलींच्या गाड्यांची झुंबड उडत नाही. घाई करणारं कुणी नसतं. हवा तितका वेळ एका खांबापाशी बसावं, वहीत चित्र काढावं, पुन्हा उठून तेच शिल्प बघावं. अशा एका ठिकाणी आज आपण जाणार आहोत. गावाचं नाव अंबाजोगाई, जिल्हा बीड. लेण्याचं नाव हत्तीखाना. नाव ऐकून फसू नका! तिथे कुणा राजाचे हत्ती बांधलेले नव्हते. तिथले हत्ती तिथेच जन्मले आणि तिथेच उभे आहेत. कसे, ते पुढे कळेलच.

पुसेगावहून निघालो...

निघायचं पुसेगावहून. साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव नव्हे बरं का! हे आपलं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. माझी बहीण तिथे राहते. तिचा मुलगा आठवीत, मुलगी सहावीत. दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत हट्टच धरला, ‘मामा, यंदा कुठंतरी न्याच.’

पहिला मुक्काम झाला औंढा नागनाथला. हिंगोलीहून परभणीकडे जाताना औंढा वाटेवरच लागतं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे देऊळ मानलं जातं. जवळच्या नर्सीचे संत नामदेव इथे आले आणि इथेच त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, असं सांगतात. देवळाच्या बाहेरच्या भिंती कोरीव मूर्तींनी भरून गेल्या आहेत. पण मुलांना गंमत वाटली ती आतल्या गाभाऱ्याची. तो वर नाही, खाली आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, वाकून खाली उतरावं लागतं. खाली छत इतकं जवळ की उंच माणसानं डोकं सांभाळावं.

वर आल्यावर भाची म्हणाली, ‘मामा, लेणं म्हणजे असंच असतं का? जमिनीतलं देऊळ?’

‘थोडंसं असंच आणि थोडंसं अगदी उलट,’ मी म्हणालो. ‘हा गाभारा दगडावर दगड रचून बांधलाय. लेण्यात कुणी दगड रचत नाही.’

‘मग देऊळ होतं कसं?’

‘ते तिथं गेल्यावर तूच सांगायचं मला.’

औंढ्याहून परभणी, परभणीहून गंगाखेड. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. इथे गोदावरी ओलांडली की रस्ता परळीला जातो. परळीचा वैद्यनाथ हेसुद्धा ज्योतिर्लिंग मानलं जातं. तिथून बालाघाटाच्या डोंगराळ भागातून साधारण पंचवीस किलोमीटरवर अंबाजोगाई. म्हणजे पुसेगावपासून सगळे मिळून दोनेकशे किलोमीटर झाले. एस.टी. बदलत बदलत जायचं, तर दिवस मोडतो. म्हणून रात्री अंबाजोगाईलाच मुक्काम केलेला बरा आणि लेणं बघायला सकाळची वेळ धरलेली बरी.

मुहूर्त टळला!

अंबाजोगाई म्हणजे योगेश्वरी देवीचं गाव. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. आता प्रश्न पडेल की घरं कोकणात आणि देवी मराठवाड्यात, हे कसं? त्याची एक गोष्ट लोक सांगतात.

योगेश्वरीचं लग्न ठरलं होतं परळीच्या वैद्यनाथाशी. देवीकडचं वऱ्हाड कोकणातून निघालं. वऱ्हाड म्हणजे काय, देवाघरचं! हत्ती, घोडे, वाजंत्री, सगळा थाट. घाट चढत, नद्या ओलांडत मंडळी अंबाजोगाईपर्यंत आली. परळी आता हाकेच्या अंतरावर. पण वाटेत वेळ फार गेला होता. इथे पोचेपर्यंत लग्नाचा मुहूर्त टळला. लग्न राहिलं ते राहिलंच. देवी इथेच थांबली, कुमारिका म्हणून. आणि वऱ्हाड? जो जिथे होता, तो तिथे दगड होऊन उभा राहिला.

‘आणि हत्ती?’ भाच्यानं विचारलं.

‘हत्तीही दगड झाले. उद्या सकाळी त्यांनाच भेटायचंय.’

ही झाली लोकांची गोष्ट. ती खरी की खोटी, असा वाद घालत बसू नका. तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. पूर्वीच्या माणसांनी नदीकाठच्या खडकात हे मोठमोठे हत्ती पाहिले. ते कुणी केले, कधी केले, हे सांगणारं गावात कुणी उरलं नव्हतं. मग त्यांनी हत्तींना शोभेल अशी एक गोष्ट रचली. ज्याचा इतिहास विसरला जातो, त्याची दंतकथा होते. इतिहास शोधायचा असेल, तर दगडाकडेच जायला हवं.

हत्तीखान्यात

अंबाजोगाई गावाच्या वायव्य बाजूला जयवंती नदीच्या काठी हे लेणं आहे. कुणी त्याला हत्तीखाना म्हणतात, कुणी शिवलेणी, तर कुणी जोगाईचा मंडप. देवीच्या दर्शनाला खूप माणसं येतात. नारळ-ओटी होते, प्रसाद होतो आणि मंडळी तशीच परळीच्या गाडीत बसतात. गावातच असं काही आहे, हे कितीकांना ठाऊकच नसतं.

लेणं दुरून दिसत नाही. कळस नाही, शिखर नाही, की उंच कमान नाही. जवळ गेलात की दिसतं, जमीन एकदम खाली गेलीय. खडक खोल कापून केलेलं भलंमोठं अंगण आहे. चहूबाजूंनी खडकाच्याच भिंती आणि वर आभाळ. अंगणाच्या मध्यावर चार खांबांचा नंदीमंडप, साधारण तीस फूट लांब आणि तेवढाच रुंद. नंदीमंडप आहे म्हणजे देऊळ शंकराचं, हे ओळखायला पाटी लागत नाही.

आणि अंगणात ते हत्ती! भरभक्कम पाय, रुंद पाठ, ऊन-पावसानं झिजलेलं अंग. सहावीतली मुलगी जवळ उभी राहिली, तर हत्तीपुढे एवढीशी दिसते.

अंगणाच्या कडेला खडकाच्या पोटात सभामंडप कोरलाय. लांबी सुमारे नव्वद फूट, रुंदी सुमारे पंचेचाळीस फूट आणि खांब बत्तीस. उन्हातून एकदम आत शिरलात, तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. नुसता गारवा आणि काळोख. भाचा म्हणालाच, ‘इथं तर काहीच नाही की!’

‘खाली बस, आणि बोलू नको.’

आपल्या डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते. पण अंधुक उजेडात नीट दिसायला डोळ्याच्या आतल्या पडद्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा धीर कोण धरतो? बहुतेक जण दारातून डोकावतात, ‘काही नाही’ म्हणतात आणि परत फिरतात. आम्ही बसून राहिलो. आधी पुढची रांग दिसली, मग तिच्यामागची, मग त्याहीमागची. जणू एकेक खांब अंधारातून पुढे येऊन उभा राहत होता. दहा मिनिटांनी भाच्यानं हळूच बहिणीला कोपरानं ढोसलं, ‘तिथं बघ, भिंतीवर कुणीतरी आहे!’

हे लेणं देवगिरीच्या यादवांची सत्ता भरात येण्याच्या आधीचं. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे, तो ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये लिहिला, असं मानतात. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळच डोंगराच्या कुशीत आहे. तेव्हा मुकुंदराजांच्या काळीसुद्धा हे हत्ती इथे उभेच असणार. त्यांनी ते पाहिलेही असतील!

लेणं बांधत नाहीत

आता औंढ्याला विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. दगड न रचता देऊळ होतं कसं?

खांबाच्या तळाशी बघा. खांब जमिनीवर ठेवलेला दिसतो का? नाही. तिथे सांधा नाही, चुना नाही, फट नाही. वर बघा. खांब आणि छत यांच्यामध्येही सांधा नाही. जमीन, खांब, छत, सगळा एकच खडक! म्हणजे हा खांब कुणी आणून उभा केलेला नाही. तो आधीपासून इथेच होता. त्याच्या आजूबाजूचा दगड तेवढा काढून नेला.

भाची पटकन म्हणाली, ‘म्हणजे मामा, यांनी देऊळ केलंच नाही. देऊळ सोडून बाकीचं काढलं!’

बरोबर! कुंभार माती वाढवत जातो, गवंडी वीट वाढवत जातो. लेणं कोरणारा मात्र सगळं कमी करत जातो. म्हणून आपण ‘लेणं बांधलं’ असं म्हणत नाही, ‘कोरलं’ म्हणतो. अंगणातला हत्तीही तसाच झालाय. अंगण खोदताना हत्तीएवढा दगड जागच्या जागी ठेवला आणि मग त्यातून हत्ती घडवला. त्याचे पाय ज्या खडकावर टेकलेत, त्याच खडकाचा तो आहे. म्हणूनच म्हटलं, इथले हत्ती इथेच जन्मले.

हा खडक म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. त्यातून दख्खनचं पठार झालं. पुसेगावच्या शेतातली काळी माती हीसुद्धा याच खडकाची झीज आहे. घट्ट, एकसंध थर सापडला की कारागिरांना हवं तसं कोरता येतं. म्हणून तर महाराष्ट्रात लेण्यांची एवढी रेलचेल.

काम होतं वरून खाली. आधी छत, मग खांबाचा माथा, मग खांबाचं अंग आणि शेवटी जमीन. यामुळे परात बांधायला नको. कारागीर ज्या खडकावर उभा राहून कोरतो, तोच खडक तो उद्या कापत खाली जाणार.

याबद्दल एक जुनी मराठी गोष्ट आहे. वेरूळच्या राजाची राणी माणकावती. राजा आजारातून बरा झाला, तर शंकराचं देऊळ बांधीन, असा नवस तिनं केला आणि देवळाचा कळस बघेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असा पण केला. राजा बरा झाला. पण देवळाचा पाया भरायचा, भिंती चढवायच्या, त्यावर शिखर आणि त्यावर कळस! तोवर राणीनं उपाशी राहायचं कसं? सगळे कारागीर गप्प. तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर पुढे आला. म्हणाला, ‘आठवड्यात कळस दाखवतो.’ त्यानं डोंगराच्या माथ्यावर कामाला सुरुवात केली आणि सगळ्यांत आधी कळसच कोरला! राणीनं तो पाहिला आणि उपास सोडला. इतिहासात कैलास लेण्याचं श्रेय आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाला देतात. पण गोष्टीनं वरून खाली कोरण्याची युक्ती किती नेमकी पकडलीय बघा.

मात्र या युक्तीत एक मोठी जोखीम आहे. चित्रात चूक झाली तर आपण खोडरबर घेतो. भिंतीची वीट वाकडी बसली तर गवंडी काढून पुन्हा बसवतो. इथे? छिन्नीचा एक घाव जास्त बसला आणि हत्तीचा कान उडाला, तर तो पुन्हा आणणार कुठून? काढलेला दगड परत लावता येत नाही. एवढं मोठं अंगण, एवढे खांब, सगळं आधी मनात पक्कं ठरवायचं आणि मगच पहिला घाव घालायचा.

तीनशे ट्रक दगड

मुलांना हिशेब करायला सांगितला. तुम्हीही वही-पेन्सिल घ्या.

नुसता सभामंडप धरू. लांबी ९० फूट, रुंदी ४५ फूट. उंची हिशेबापुरती १० फूट धरू. गुणाकार केला की येतात ४०,५०० घनफूट. यातून खांब वजा करायचे, कारण तेवढा दगड काढलेला नाही. एक खांब ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि १० फूट उंच धरला, तर त्याचे झाले ९० घनफूट. असे ३२ खांब म्हणजे २,८८० घनफूट. वजाबाकी केली की उरतात ३७,६२० घनफूट.

बेसॉल्टचा एक घनफुटी ठोकळा साधारण ८० किलो भरतो. म्हणजे आठवीतली दोन मुलं एकाला एक बांधली, तर जेवढी होतील तेवढा! गुणाकार करा. सुमारे ३० लाख किलो, म्हणजे ३,००० टन. दहा टन माल नेणारा ट्रक धरला, तर ३०० ट्रक दगड. आणि ही फक्त सभामंडपाची गोष्ट. अंगण त्यात धरलेलंच नाही.

त्या काळी सुरुंगाची दारू नव्हती, यंत्र नव्हतं. हातोडा, छिन्नी, पहार आणि माणसाचे हात. लोखंडाची छिन्नी या खडकावर बघता बघता बोथट होते. म्हणजे जवळपास लोहाराचा भाता सारखा पेटलेला असणार. कुणी छिन्न्यांना धार लावतंय, कुणी दगडाचे तुकडे टोपल्यांत भरतंय, कुणी वाहून बाहेर टाकतंय. एवढ्या सगळ्यांची भाकरी कुणीतरी थापतंय. शेवटी नुसता कोरणारा लेणं करत नाही, अख्खा गाव राबतो.

नाव कुणाचं?

जुन्या लेण्यांत फिरताना एक गोष्ट हमखास दिसते. खांबावर, भिंतीवर, कधी मूर्तीच्या अंगावरसुद्धा खिळ्यानं कोरलेली नावं. कुणाचं एकट्याचं, कुणाचं जोडीनं, बदामाच्या आत. तुम्हीही कुठे ना कुठे ती पाहिली असतीलच.

भाच्यानं विचारलं, ‘मामा, हे हत्ती ज्यानं कोरले, त्याचं नाव कुठंय?’

नाही. ज्यानं वर्षानुवर्षं दगड फोडला, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. आणि जो दहा मिनिटांसाठी येतो, वडापाव खातो आणि जातो, तो खिशातला खिळा काढून आपलं नाव लिहितो!

‘पण पूर्वीचे राजेसुद्धा दगडावर नाव लिहायचेच की,’ भाची म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. राजे शिलालेख कोरायचे, हे खरं. पण शिलालेखात लिहिलेलं असतं, की अमक्यानं हे देऊळ उभारलं, एवढी जमीन दान दिली, दिव्याच्या तेलाची सोय केली. काहीतरी दिलं म्हणून नाव लिहिलं. आपण काय दिलं?

भाचाही हार मानणारा नव्हता. त्याच्या पुस्तकात अजिंठ्याचा धडा होता. ‘मग त्या इंग्रजाचं काय? त्यानं लिहिलेलं नाव तर सगळे बघायला जातात!’

तो म्हणत होता ते खरंच आहे. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं अजिंठ्याच्या जंगलात आला. दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख ओरखडली, २८ एप्रिल १८१९. त्यामुळे अजिंठा बाहेरच्या जगाला कधी कळलं, त्याची नेमकी तारीख आपल्याला मिळाली. पण त्या ओरखड्याखालचं शेकडो वर्षांपूर्वीचं चित्र कायमचं खराब झालं, ते झालंच. चूक दोनशे वर्षांची जुनी झाली म्हणून ती चूक राहत नाही, असं थोडंच आहे?

दगडी हत्तींची आणखी एक हकिगत मुलांना सांगितली. मुंबईजवळच्या समुद्रातलं घारापुरी बेट. पोर्तुगीज तिथे आले, तेव्हा बेटावर एक मोठा दगडी हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. पुढे १८६४ साली इंग्रजांनी तो हत्ती उचलून इंग्लंडला न्यायचं ठरवलं. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणले आणि पुढे १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आज तो सांधलेला हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. एलिफंटा बेट मात्र आता हत्तीवाचून आहे.

‘मग आपले हत्ती नशीबवान!’ भाची म्हणाली.

नशीबवान खरेच. पण नशिबावर किती दिवस सोडायचं? केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकाची खराबी केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१० पासून कायद्यात आहे. राज्य सरकारच्या ताब्यातल्या स्मारकांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे. कायदा आहे, पण प्रत्येक खांबाशेजारी चोवीस तास पोलीस उभा करता येत नाही. जिथे गर्दी कमी, तिथे राखणदारही कमी. अशा ठिकाणी जो बघायला जातो, तोच तेवढ्यापुरता राखणदार. मग तो सहावीतला का असेना!

लेणं बघायचं कसं?

आम्ही केलं, ते तुम्हालाही करता येईल.

एक : सोबत वही, पेन्सिल, सुतळी, पाण्याची बाटली आणि बॅटरी घ्या. पण बॅटरी लगेच लावू नका. आधी वीस मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. मग बॅटरीचा झोत समोरून न टाकता बाजूनं, तिरका टाका. झिजलेल्या मूर्तीची सावली पडते आणि न दिसणारे हात-पाय दिसू लागतात.

दोन : सुतळीला फुटाफुटावर गाठी मारून न्या. अंगण मोजा, मंडप मोजा, खांब मोजा आणि वहीत नकाशा काढा. वरचा ३०० ट्रकांचा हिशेब खऱ्या उंचीनं पुन्हा करून बघा. माझं उत्तर कमी भरतं की जास्त?

तीन : मूर्ती ओळखायच्या असतील, तर तोंड बघू नका. तोंड सगळ्यांत आधी झिजतं. हातातल्या वस्तू आणि पायापाशी बसलेला प्राणी बघा. त्रिशूळ आणि नंदी असेल तर शंकर, शंख-चक्र असेल तर विष्णू, रेड्याला मारणारी ती महिषासुरमर्दिनी. पुष्कळ हात आणि एक पाय उचललेला दिसला, तर बहुधा शंकराचं तांडव.

चार : छिन्नीच्या खुणा शोधा. जिथे दगड गुळगुळीत केलेला नाही, तिथे तिरक्या रेघा दिसतात. एक रेघ म्हणजे एका माणसाचा एक घाव. बोट लावायचा मोह आवरा, नुसतं बघा.

पाच : त्याच गावातलं सकलेश्वराचं देऊळही बघा. लोक त्याला बाराखांबी म्हणतात. यादव राजा सिंघण याच्या खोलेश्वर नावाच्या सेनापतीशी त्याचं नाव जोडलेलं आहे. ते रचून बांधलेलं, हत्तीखाना कोरलेला. दोन्ही एका दिवसात पाहिलीत, की फरक पुस्तकातून शिकावा लागणार नाही.

सहा : मोठं माणूस सोबत असू द्या. पावसाळ्यात खडक निसरडा असतो. अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालू नका, तिथे पाली-वटवाघळांचं घर असतं. आणि चिवड्याची पिशवी जशी नेली, तशी परत आणा.

आणि घरी आल्यावर...

अंबाजोगाई सगळ्यांनाच जवळ आहे, असं नाही. पण बघण्याची नजर तयार झाली, की लांब जायची गरज उरत नाही. पुसेगावला परतल्यावर भाची आपल्या आजीला विचारत बसली, की गावात कुठे कुठे जुने कोरीव दगड आहेत. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या पारापाशी, वेशीजवळ किंवा जुन्या बारवेच्या काठाला असे दगड असतात. कुठे लढणाऱ्या वीराचा वीरगळ, कुठे कोपरापासूनचा हात कोरलेला सतीचा दगड. कुणी त्यांना शेंदूर फासतं, कुणी त्यांच्यावर कपडे धुतं, तर कुणी पायरीला लावतं. त्यांच्यावर काय कोरलंय, हे बघायला मात्र कुणाला सवड नसते.

तुमच्या गावात असा एखादा दगड आहे का? येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन जा, मोजमाप घ्या, चित्र काढा आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्याची गोष्ट विचारा. खालती गावाचं नाव आणि तारीख घाला. हवं तर आपलंही नाव लिहा, मोठ्या अक्षरात! वहीवर लिहायला काहीच हरकत नाही.